पूर ओसरल्यावरचं ऊन

गेल्या गुरुवारी सकाळी उघडीप मिळाली. निपाणीत सगळ्यांना आनंद. बायकोनं गाद्या गच्चीवर टाकल्या, समोरच्या वखारवाल्यानं दारं सताड उघडली, कोंडलेल्या तंबाखूचा वास गल्लीभर पसरला आणि माणसं शिंकत शिंकत हसायला लागली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं माझ्या हातात कप देत म्हटलं, "बरं झालं की वो अण्णा, ऊन पडलं एकदाचं." मी हूं म्हटलं. तो चहा मला काही संपवता आला नाही.

पावसाला भिणारी माणसं पुष्कळ असतात. मी उन्हाला भितो. सगळ्या उन्हाला नाही. चैत्रातलं ऊन आपल्या जागी ठीक आहे, त्याला चार शिव्या हासडल्या की भागतं. मी भितो ते पूर ओसरल्यावर पडणाऱ्या उन्हाला. वेदगंगेच्या नाहीतर दूधगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही, पण वाचणारे सगळे काही काठावरचे नसतात, म्हणून सांगतो. मातीच्या भेंड्यांचं, म्हणजे कच्च्या विटांचं, घर पुष्कळदा पाण्यात पडत नाही. पाणी वेढून असतं तोवर भिंत फुगते आणि तशीच तग धरून उभी राहते. मग पाणी उतरतं, ऊन पडतं, वरचा पापुद्रा वाळतो, आतला गाभा ओलाच राहतो. आणि कधीतरी भर दुपारी, आभाळ निळंभोर असताना, ती भिंत बसते. वाळायला लागलेली भिंत बाहेरून इतकी चांगली दिसते की माणूस फसतोच.

माझा जन्म असल्याच घरातला. पूर गेला की आमचे आप्पा भिंतीला कान लावायचे. डोळे मिटून, श्वास धरून, देवळात उभं राहावं तसे उभे राहायचे. आत माती सुटत असली की बारीक सरसर ऐकू येते. मीही एकदा कान लावला होता. कानाला गारवा लागला, ओल्या मातीचा नि शेणाचा वास आला, आणि आत खोलवर काहीतरी सांडत असल्यासारखं वाटलं. आप्पांनी मला मागं ओढलं ते अजून दंडाला आठवतं. भिंत कोरडी ठणठणीत होईपर्यंत आम्ही आत्याकडं राहायचो, वरच्या अंगाला, दगडी घरात. आम्हाला आत्या होती. सगळ्यांना असते असं नाही.

माझा धंदा बातमीदारीचा. बेळगावातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाला निपाणी भागातून बातम्या देतो, केस काळे होते तेव्हापासून देतोय. आमच्या भागात या धंद्याची एक गंमत आहे, ती पुण्या-मुंबईच्या पत्रकारांना सांगितली तर त्यांना थाप वाटते. बेंगळूरहून मंत्री आला आणि मी मराठीत प्रश्न विचारला, की उत्तर प्रश्नाला मिळत नाही, भाषेला मिळतं. बरं, कन्नडमध्ये विचारावा, तर दुसऱ्या दिवशी आमचेच वाचक फोन करतात, "काय वो, तुम्हीबी फिरलासा व्हय?" तिकडं कन्नड पेपरच्या बातमीदाराचीही हीच गत. कोल्हापूरकडून पुढारी आला आणि त्याला कन्नडमध्ये काही विचारलं, की पुढारी खड्ड्याचं उत्तर सोडून सीमाप्रश्नावर भाषण ठोकतो. हे भिजत घोंगडं आमच्या आधीच्या पिढीचं, आता आमच्या पोरांचंही झालं. पण रोजचे प्रश्न तर विचारावेच लागतात.

म्हणून मी आणि बसवराजनं एक रीत पाडली होती. बसवराज म्हणजे आमचा बसू, कन्नड दैनिकाचा बातमीदार. कुणी मोठा माणूस यायचा असला, की आधी चहाच्या गाड्यावर आम्ही प्रश्नांची अदलाबदल करायचो. बेंगळूरचा मंत्री असला तर माझा प्रश्न बसूच्या तोंडून कन्नडमध्ये जायचा. महाराष्ट्रातला पुढारी असला तर बसूचा प्रश्न माझ्या तोंडून मराठीत जायचा. उत्तर मिळेल ते दोघांत वाटून घ्यायचं. बसूचं घर कन्नड, आई कन्नड, पण वाढला निपाणीच्या मराठी गल्लीत. गोट्या खेळता खेळता शिव्या मराठीत शिकला. तो म्हणायचा, "देवाला हात जोडतो ते कन्नडातनं रं, पण राग मला मराठीतच येतोय." यावर आम्ही हसायचो. त्याला काय माहीत होतं, मला तरी काय माहीत होतं.

मागच्या मोठ्या पुराची गोष्ट सांगायची म्हणजे गावापासून सुरुवात करायला हवी. गावाचं नाव लिहीत नाही. नाव छापून आल्यानं गावाचा फायदा काही होत नाही, चौकशीचा ताप तेवढा होतो. वेदगंगेच्या काठावरचं आहे, एवढं पुरे. गावाच्या वरच्या अंगाला दगडी आणि स्लॅबची घरं, नदीकडच्या अंगाला भेंड्यांच्या घरांची एक गल्ली. ही गल्ली बौद्ध समाजाची. जुन्या काळी गावानं त्यांना पाण्याच्या बाजूला बसवलं तेव्हा पूररेषा कुणी बघितली नव्हती, आणि पुढं बघितली तेव्हा गल्ली कुणी हलवली नाही. वरच्या गायरानात आम्हाला जागा द्या, ही त्यांची मागणी माझ्या बातमीदारीइतकीच जुनी असेल. आजवर आलेल्या प्रत्येकानं ती मान्य केली. कुणी सरळ नाकारली असती तरी बरं झालं असतं, निदान भांडायला कुणीतरी समोर असतं.

शेवंता आक्का त्या गल्लीतली. नवरा लवकर गेला. बिड्या वळून वळून तिनं एकुलत्या मुलीला, सुजाताला, डी. फार्म. केलं, सुजाता निपाणीत औषधाच्या दुकानात कामाला लागली होती. आक्काच्या बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी आणि जीभ तिखट. पहिल्यांदा भेटली तेव्हाच मला म्हणाली, "फोटो काढायला आलासा न्हवं? मग काढा बिगीबिगी. मला हुबं ऱ्हायाला येळ न्हाय." मी फोटो काढला. त्यात ती कॅमेऱ्याकडं बघतच नाही, सुपातल्या पानांकडं बघतेय.

पाणी आलं तेव्हा ती गल्ली गावच्या शाळेत आणून ठेवली. सरकार याला निवारा केंद्र म्हणतं. आमच्याकडं सगळे गंजी केंद्र म्हणतात, गंजी म्हणजे कन्नडमध्ये पेज. त्या शाळेचा वास माझ्या डोक्यात पक्का बसलाय. खडूची भुकटी, ओली वाकळ, सांबाराचा वाफारा आणि कोपऱ्यात बांधलेल्या शेळ्या. म्हातारी माणसं पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. फळ्यावर पुराआधीचा सुविचार तसाच राहिलेला, आणि त्याच्याखाली कुणाच्या तरी साड्या वाळत घातलेल्या. वरून पाऊस पत्र्यावर इतका वाजायचा की बोलायला तोंड कानाशी न्यावं लागे. बसू आणि मी रोज तिथं. रस्ता पाण्याखाली, ट्रॅक्टरनं जायचं नि ट्रॅक्टरनं यायचं. आक्का आमच्या ताटात भात वाढत म्हणायची, "खावा. उपाशी पत्रकार कायबी लिवतोय."

याच दिवसांत वरचे, म्हणजे महाराष्ट्रवाले, म्हणत होते, खालच्यांनी धरण भरून ठेवलंय. खालचे, म्हणजे कर्नाटकवाले, म्हणत होते, वरच्यांनी न सांगता पाणी सोडलंय. मी दोन्ही बाजूंच्या बातम्या इमानेइतबारे पाठवत होतो, नेहमीच्या मथळ्यांसकट. मंत्री येणार, मंत्री येणार असं रोज कळत होतं, आणि रोज त्यांचा दौरा पुढं जात होता. बोटी आल्या त्या पाणी उतरायला लागल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, असं मी एका बातमीत लिहिलंही. कार्यालयात कुणीतरी ते काढून तिथं 'प्रशासन सज्ज' असं घातलं.

आणि मग ऊन पडलं. काय ऊन होतं ते. गाळावर चमकणारं, डोळे दिपवणारं. नदीकाठचा ऊस चिखलानं माखून आडवा, सोयाबीन कुजलेलं, त्याचा आंबूस दर्प नाकात बसायचा तो जेवताना ताटावरही यायचा. कुंपणाकुंपणांवर गोधड्या, वह्या, सतरंज्या. भिंतींमधून वाफ निघत होती, खरोखरच वाफ. शाळेच्या आवारातून ती गल्ली दिसायची, सगळी घरं उभी. आक्का कपाळाला हात लावून बघत राहायची. सर्वेक्षणवाले आले, गल्लीतून एक फेरी मारली, घरं उभी आहेत असं नोंदवून गेले. त्यांचंही खोटं नव्हतं. घरं उभीच होती. लगेच वरून हुकूम आला, परिस्थिती पूर्ववत झाली आहे, सोमवारपासून शाळा भरवा, केंद्र बंद करा.

आक्काचं मागणं एवढंच होतं, आणि ते तिनं मला, बसूला, हेडमास्तरांना, तलाठ्याला, भेटेल त्याला सांगितलं. "आमाला चादर नगो, पिशवी नगो. भिंती वाळंपतोर आमाला शाळेत ऱ्हाऊ द्या. न्हायतर गायरानात पत्रं मारून द्या. वल्या भितीखाली झोपायला आमी काय उंदरं हाय?" हेडमास्तर भला माणूस. तो नुसता म्हणाला, "आक्का, माझ्या हातात किल्ली आहे, हुकूम नाही." त्याच्या बोलण्यात कळवळा होता. कळवळ्याचा तोटा आमच्याकडं कधीच नसतो.

शनिवारी मंत्री आले. तोवर दाखवायला पाणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांना आधी रस्त्याखालच्या एका मोरीपाशी नेलं, तिथं डबकं होतं. मंत्र्यांनी नवे कोरे गमबूट घातले, डबक्यात उभे राहिले, फोटो झाले. मग ताफा शाळेत आला. रणरणत्या उन्हात ब्लँकेटवाटप सुरू झालं. माणसं घामानं निथळत होती आणि हातात ब्लँकेटं घेऊन रांगेनं पुढं सरकत होती. आम्ही पत्रकार वडाखाली. बेळगावहून, चिकोडीहून, तिकडं कोल्हापूरकडूनही कॅमेरे आलेले. बसूचा नि माझा सौदा सकाळीच ठरला होता. प्रश्न माझा, तोंड त्याचं. 'साहेब, सोमवारी शाळा भरणार, भिंती अजून ओल्या आहेत, ही माणसं राहणार कुठं?' एवढाच.

बसूनं तो कन्नडमध्ये विचारला. स्वच्छ, अदबीनं. मंत्री म्हणाले, "सूचने कोट्टिद्दीनि." म्हणजे सूचना दिलीय. बसूनं विचारलं, कुणाला दिली, काय दिली. मंत्री म्हणाले, अधिकाऱ्यांना दिलीय. अधिकारी मान हलवत होते. बसूनं पुन्हा विचारलं. मंत्री दुसऱ्या कॅमेऱ्याकडं वळले. तेवढ्यात बसूचं लक्ष आक्काकडं गेलं असावं. ती ब्लँकेट छातीशी धरून समोरच उभी होती आणि बसूच्या तोंडाकडं बघत होती. मी त्याच्या शेजारीच होतो, मला त्याचा श्वास ऐकू आला. आणि बसू बोलला, मोठ्यानं, अस्सल निपाणीच्या मराठीत: "सूचना नगो सायेब. सोमवारी ही माणसं जायाची कुटं, तेवढं सांगा."

मंत्र्यांना मराठी येत नव्हती असं नाही. निवडणुकीत याच गावात त्यांनी हात जोडून मराठीत मतं मागितली होती, अगदी 'आक्का, ताई' करत. मीच ती बातमी दिली होती. पण आता त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटकेची कळा आली. खरंच सांगतो, रागाची नाही, सुटकेची. बुडणाऱ्याच्या हाताला फांदी लागावी तशी. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "तुमचा पेपर कुठला?" बसूनं सांगितलं. "कन्नड पेपरचा माणूस, कर्नाटकाच्या मंत्र्याला मराठीत विचारतोस?" मागून त्यांच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. इकडून आमच्या पोरांनी घोषणा दिली. तिकडून उलटी घोषणा आली. कॅमेरे गर्रकन बसूकडं फिरले. पोलीस मधे पडले. मंत्री गाडीत बसले, काच वर गेली, ताफा गेला. आवारात ब्लँकेटांचे रिकामे खोके आणि धूळ राहिली.

पुढचे दोन दिवस आमच्या भागात दुसरा विषय नव्हता. तिकडच्या संघटनेनं बसूच्या पेपरच्या दारात धरणं धरलं. आमच्याकडच्या संघटनेनं त्याचा सत्कार जाहीर केला, 'मराठीचा कन्नड सुपुत्र' म्हणून. तो बिचारा घराला कडी लावून बसला. कोल्हापूरकडून एक पुढारी सीमेवर येऊन कडक बोलून गेला, त्याला तिकडून तितकंच कडक उत्तर गेलं. मी भिंतींची बातमी पाठवली, तर बेळगावहून संपादकांचा फोन आला. "अरे, भिंतीचं काय घेऊन बसलास? घटनास्थळी होतास ना तू? भाषेचं दे, जसंच्या तसं दे." मी दिलं. पहिल्या पानावर आलं. शेवटच्या ओळीत होतं की, पूरग्रस्तांच्या निवाऱ्याबाबतही यावेळी प्रश्न विचारण्यात आला.

सोमवारी शाळेची घंटा झाली.

आक्का घरात गेली नाही. एवढं मला लिहून ठेवायचंच आहे, कारण नंतर पुष्कळांनी म्हटलं की बाई अडाणी, तिला कळायला हवं होतं. तिला कळत होतं. तिनं घरासमोर चार बांबू रोवून प्लास्टिक बांधलं, चूल बाहेर मांडली, निजणं बाहेर, सुजाताला निपाणीत मैत्रिणीकडं पाठवलं. सगळी गल्ली तशीच बाहेर बसलेली. ऊन मात्र रोज चढत होतं, आणि भिंती रोज चांगल्या दिसत होत्या. वरचा पापुद्रा पांढरा पडला, त्याला बारीक भेगा गेल्या, कुणीतरी म्हणालं वाळल्या की. इकडं बिडी कारखान्याचा मुकादम येऊन सांगून गेला, काम सुरू झालंय, माल द्या. आक्काचं सूप आणि कात्री आत माळ्यावर होती. भर दुपारी, "आल्येच" म्हणून ती आत गेली. भिंत फार मोठ्यानं पडत नाही. शेजारीण सांगत होती, पोतं टाकल्यासारखा आवाज झाला आणि दारातनं नुसती धूळ आली.

आम्ही पोचलो तेव्हा तिला बाहेर काढलं होतं. केसांत माती, बोटांची टोकं तशीच पिवळी. उन्हात ब्लँकेट घातलं होतं अंगावर, वाटपातलंच. तलाठी बाजूला उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता की पूर गेल्यावर घर उभं होतं, तशी नोंद आहे. पुढं तेच कायम झालं. पूर गेल्यानंतर पडलं म्हणजे पुरानं पडलं नाही. जुनं घर, पडझड. मी या वाक्यावर कितीतरी वेळा लिहिलं. वाक्य कायद्याला धरून आहे, त्यात चूक दाखवता येत नाही. माणूस मेलं तरी वाक्य कसं शाबूत राहतं, हे मी तेव्हा बघितलं.

सुजाता रडत नव्हती. माती दिल्यानंतर बसू आणि मी तिच्याजवळ बसलो होतो. बसूची मान वर होत नव्हती. त्याला वाटत होतं, आपण मराठीत बोललो म्हणून हे झालं. सुजातानंच त्याच्याकडं बघितलं. "बसूअण्णा, तुमी विचारलासा ते बरं केलासा." मग माझ्याकडं वळली, आवाज अजिबात न चढवता. "पर अण्णा, तिथं येवढी माणसं हुती. येवढे क्यामेरे हुते. बसूअण्णाला गप केलं, मग त्योच सवाल दुसऱ्या कुणी का न्हाय विचारला? कुठल्याबी भाषेत?" वारा नव्हता. पिंपळाची पानंसुद्धा हलत नव्हती.

बसूची बदली झाली. शिक्षा म्हणून नाही, असं त्याच्या पेपरनं सांगितलं. वयाचा विचार करून टेबलाचं काम दिलं, दूर बळ्ळारीकडं. अधूनमधून फोन करतो. तिकडं मराठी बोलायला कुणी नाही म्हणतो. "मग रागावतोस कसा?" असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "रागावतच न्हाय." त्यावर आम्ही दोघंही हसलो नाही.

यंदा पुन्हा पाणी आलं. पुन्हा तीच गल्ली त्याच शाळेत, पुन्हा गंजी, पुन्हा पत्र्यावरचा पाऊस. सुजाताही तिथंच. आईचं घर अर्धं पडलं, अर्धं उभं आहे, ती त्या अर्ध्यात राहते. निपाणीत खोली घेऊन का राहत नाहीस, असं मी तिला मागं विचारलं होतं. ती म्हणाली, "गल्ली सोडली की गायरानातल्या जागेचा हक्क जातोय अण्णा. घरात ऱ्हाणाऱ्यालाच जागा, भायेर प्लास्टिकात ऱ्हाणाऱ्याला न्हाय, असं हाय." जागा कधी मिळणार ते कुणाला ठाऊक नाही. पण हक्क राखायचा तर मरणाच्या भिंतीखाली राहून राखायचा, असा तो नियम. बरं, नियम करणारा दुष्ट होता असंही नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी दिसत नाही, इतकंच.

परवा मंत्री आले. गेल्या खेपेचे नव्हेत, दुसरे. चांगले शिकलेले, मवाळ. बसू नाही, त्यामुळं सौदा करायला कुणी नव्हतं. नवीन मुलं आहेत, मोबाईल काठीला लावून फिरतात, ती एकमेकांना ओळखत नाहीत. मी आदल्या दिवशी प्रश्न पाठ करून ठेवला होता. कन्नडमध्येच विचारला, व्याकरण सांभाळून, हात जोडून. सोमवारी शाळा भरतेय, भिंती ओल्या आहेत, ही माणसं जाणार कुठं? मंत्री थांबले. त्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं, मराठी पेपरचा पत्रकार किती सुंदर कन्नड बोलतो असं ते सगळ्यांना म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, सूचना दिलीय.

मी दुसऱ्यांदा विचारलं. ते हसले, तेच म्हणाले. मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या मदतनिसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "अण्णा, झालं की आता. सांगितलं की सायबांनी." मी आजूबाजूला बघितलं. माझा प्रश्न उचलून कुणी पुढं नेईल म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. एक जण मोबाईलची बॅटरी तपासत होता. एकानं विचारलं, साहेब, गणेशोत्सवाच्या परवानग्यांचं काय. भांडण झालं नाही, घोषणा झाल्या नाहीत, त्यामुळं बातमीही झाली नाही. आमच्याच पेपरात आतल्या पानावर दौऱ्याचा फोटो आला. कार्यालयात एक निनावी फोन मात्र येऊन गेला, तुमचा माणूस कन्नडमध्ये का विचारतो म्हणून. भिंतीबद्दल त्यालाही काही विचारायचं नव्हतं.

मी इतकी वर्षं समजत होतो की आमची अडचण भाषेची आहे. नीट भाषा सापडली की उत्तर मिळेल. आता वाटतं, उत्तर नव्हतंच कुठं. कानडीतही नव्हतं नि मराठीतही नव्हतं. हे कळल्यावर माणसानं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. प्रश्न विचारणं हा माझा धंदा, दुसरं काही मला येत नाही, आणि जे येतं त्यानं एक भिंतही थांबत नाही. वैताग येतो हो. स्वतःचा येतो, चहावाल्याचा येतो, निळ्या आभाळाचा येतो.

आज सोमवार. सकाळी शाळेत गेलो तर गल्ली निघाली होती. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, दोऱ्यांना शेळ्या. मी सुजाताच्या लोखंडी खाटेचं एक टोक धरलं, दुसरं तिनं धरलं. उतारावरून नदीकडं चाललो. ऊन सुरेख पडलं होतं. गल्लीतल्या भिंती पांढऱ्या दिसत होत्या, त्यांच्यातून बारीक वाफ निघत होती. तिच्या दाराशी आम्ही खाट टेकवली. मी उंबऱ्याकडं पाऊल टाकलं, तशी तिनं हात आडवा घातला.

"तुमी भायेरच थांबा अण्णा," ती म्हणाली. "भित वली हाय."

आणि खाट ओढत ती आत गेली.